घासू नका, आधी तोला

चोपड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो:

“जुनं घर आवरताना आमच्या आबांच्या, म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांच्या, ट्रंकेत चहाचा डबा निघाला. आत फडक्याच्या दोन पुरचुंड्या, मिळून २३ नाणी. आबा दुसऱ्या महायुद्धात मिलिटरीत होते, नंतर भुसावळला रेल्वेत लागले. एक मोठं चांदीचं नाणं आहे, त्यावर जाडजूड बाई आणि १७८० साल. दोन-तीन भोकाची. काहींवर उर्दूसारखं लिहिलेलं, त्यातल्या एकाची कड झालरीसारखी. एकावर नुसती जिलेबीसारखी वेटोळी. एक चुंबकाला चिकटतं, म्हणून खोटं वाटतं. एकावर देवनागरीत २०१० लिहिलंय, पण ते तर पार झिजलेलं आहे. आणि कडी लावलेली एक गिनी. सासूबाई म्हणतात, दिवाळीला लक्ष्मीपूजनात ठेवू, चिंचेनं लख्ख करून घे. पुतण्या म्हणतो, १७८० चं नाणं ऑनलाइन दहा लाखांना जातं, फक्त नोंदणीची फी भरायची. जळगावच्या एका सराफांनी सगळं मोडीत घेतो म्हटलं. काय करावं?”

ताई, नाणी पूजेत जरूर ठेवा. चिंच मात्र आमटीसाठीच राहू द्या.

चिंचेतलं आम्ल नाण्यावरचा मळ काढून थांबत नाही, त्याखालचा धातूचा थरही खातं. सोबत मीठ लावलं तर ते तांब्याच्या बारीक छिद्रांत बसतं आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की फिकट हिरव्या भुकटीच्या रूपानं नाणं पोखरत जातं. पितांबरी, राख, टूथपेस्ट यांचे ओरखडे तर कायमचेच. चांदीवर दिसणारा काळपट-निळसर थर म्हणजे घाण नव्हे. हवेतल्या गंधकामुळे तो वर्षानुवर्षं हळूहळू बसलेला असतो, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तोच पाहतं. घासलेलं नाणं भिंगाखाली लगेच कळतं. मग त्याला भाव मिळतो तो धातूचा.

माती किंवा हळद-कुंकू चिकटलं असेल तर काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घेऊन त्यात नाणं दिवसभर बुडवून ठेवा, दोनदा पाणी बदला, मग सुती कापडावर ठेवून वरून टिपून घ्या. चोळायचं नाही. तेलकट किटण असेल तर शुद्ध ॲसिटोन लागतं. नखांचं पॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. ॲसिटोन झपाट्यानं पेट घेतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर बाटली उघडल्याबरोबर त्याची वाफ होते, म्हणून गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून आणि काचेच्याच भांड्यात काम करा. एवढ्यानं जे निघत नाही ते राहू द्या.

दुसरं, त्या दोन पुरचुंड्या. नाणी अजून मिसळली नसतील तर तशीच वेगळी ठेवा, फडक्यासकट. मिसळली असतील तर घरात कुणाला काय आठवतंय ते आजच लिहून काढा. याचा उपयोग पुढे येईल.

आता वही घ्या. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि त्यापुढे पाच गोष्टी लिहा: वजन, व्यास, कड कशी आहे, चुंबकाला चिकटतं का, आणि दोन्ही बाजूंना काय दिसतं. वजनासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही. काटा बरोबर आहे का हे बघायला घरातला राणीछाप चांदीचा रुपया वापरा. नवा असताना तो ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. झिजून साडेअकराच्या आसपास आला तर ठीक. दहाच भरला तर काटा तरी चुकतोय नाहीतर रुपया. व्यासासाठी व्हर्नियर नसेल तर नाणं दोन काटकोनी पुठ्ठ्यांमध्ये धरून पट्टीनं मोजा. कड मात्र विसरू नका. लोक दोन्ही बाजूंचे फोटो काढतात आणि तिसरी बाजू सोडून देतात. दातेरी आहे, गुळगुळीत आहे की तिच्यावर अक्षरं आहेत, यावर कितीदा सगळा निकाल लागतो.

चुंबकाबद्दलचा तुमचा समज बऱ्याच जणांचा असतो. चांदी, सोनं, तांबं, पितळ चिकटत नाही, हे बरोबर. म्हणून चांदीचं म्हणून दिलेलं नाणं चिकटलं तर ते नक्की खोटं. पण पोलादाची आणि शुद्ध निकेलची अस्सल नाणी पुष्कळ देशांनी काढली. आपलाच १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चिकटतो. तुमच्या त्या नाण्यावर इंग्रजी सालाशेजारी रोमन आकडे आहेत का पाहा, १९४१ शेजारी एक्स-आय-एक्स, असं काहीतरी. असतील तर ते मुसोलिनीच्या काळातलं इटलीचं. फॅसिस्ट राजवटीनं ऑक्टोबर १९२२ पासून स्वतःचा शक मोजायला सुरुवात केली होती, त्याचा तो आकडा. युद्धात निकेल तोफखान्याकडे वळलं म्हणून नाणी क्रोम मिसळलेल्या पोलादाची पाडली. नाणं खरंच आहे, फक्त स्वस्त आहे.

उर्दूसारखं दिसणारं साल वाचताना घोटाळा नेमका कुठे होतो ते नीट सांगतो. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे वाचायचे. एक म्हणजे उभी रेघ. दोनला वर एक दात, तीनला दोन. चार हा इंग्रजी ३ उलटा धरल्यासारखा. पाच म्हणजे छोटं वर्तुळ, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मराठी डोळा त्या वर्तुळाला शून्य म्हणतो आणि तिथेच फसतो. सहा इंग्रजी ७ सारखा दिसतो. सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे तोच व्ही पालथा, झोपडीच्या छपरासारखा. नऊ इंग्रजी ९ सारखाच.

समजा नाण्यावर रेघ, दोन दात, वर्तुळ आणि व्ही आहे. ते १३५७ झालं. हिजरी साल चांद्र असतं, वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ वजाबाकी-बेरीज चालत नाही. सालाला ०.९७ नं गुणा आणि ६२२ मिळवा. १३५७ चे १३१६ आणि वर ६२२, म्हणजे १९३८. वर्तुळाला शून्य समजून १३०७ वाचलं असतं तर १८९० आलं असतं, आणि नाणं फुकट ४८ वर्षं म्हातारं झालं असतं. इराणच्या १९२५ नंतरच्या नाण्यांना हे गणित लावू नका. तिथलं साल सौर आहे, त्यात थेट ६२१ मिळवायचे. सिंह आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य दिसला की इराण समजा.

झालरीच्या कडेचं तुमचं नाणं बहुधा इराकचं, चार किंवा दहा फिल्सचं. एका बाजूला राजाचा चेहरा असेल, आणि साल दोनदा असेल: एकदा हिजरी, एकदा इसवी, दोन्ही अरबी आकड्यांत. इराकमध्ये १९३२ पर्यंत आपलाच रुपया चालत होता, दिनार आणि फिल्स त्यानंतरचे. भोकाच्या नाण्यांपैकी एखाद्यावर इंग्रजी, अरबी आणि तिसरी एक चौकोनी, ठसठशीत अक्षरांची लिपी आहे का? ती हिब्रू. मग ते ब्रिटिश अमलातल्या पॅलेस्टाइनचं, पाच, दहा किंवा वीस मिलचं. ही नाणी १९२७ पासूनची. युद्धात त्यांतली काही पांढऱ्या धातूऐवजी तांबूस ब्राँझची पाडली, म्हणून एकाच किमतीची दोन रंगांची दिसली तर दचकू नका. आणि भोकाभोवती मुकुट आणि इंडिया हा शब्द असेल तर ते परदेशी नाहीच. तो आपला १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा. परदेशी म्हणून येणाऱ्या डब्यांत तो हमखास असतो.

भोकाच्याच नाण्यावर हत्तीचे दोन सुळे वळलेले दिसले तर पूर्व आफ्रिका, आणि भोक चौकोनी असेल तर चीनकडचं.

२०१० चं कोडं सगळ्यांत सोपं, आणि पंचांग बघणाऱ्या घरात तर आणखी सोपं. हे नेपाळचं आहे. साल विक्रम संवत, ५७ वजा करा, १९५३. ‘श्री ५’, ‘त्रिभुवन’ किंवा ‘श्री भवानी’ अशी अक्षरं शोधा. नेपाळची त्याहून जुनी नाणी शके सालाची असतात. तिथे ७८ मिळवायचे, आपल्या पत्रिकेत करतो तसेच. देवनागरी बघून ते कुठल्यातरी संस्थानाचं समजू नका.

जिलेबीचं नाणं मला या डब्यातलं सर्वांत मजेदार वाटतं. ती वेटोळी म्हणजे तुघ्रा, उस्मानी तुर्की सुलतानाची सही. चेहरा कुठेच नसतो. या नाण्यांवरचं मोठं साल सुलतान गादीवर बसला त्या वर्षाचं असतं, नाणं पाडल्याचं नव्हे. शेजारी किंवा तुघ्र्याखाली छोटा आकडा असतो, तो त्याच्या राज्याचं कितवं वर्ष ते सांगतो. १३२७ असेल तर सुलतान पाचवा मेहमद, गादीवर १९०९ ला. छोटा आकडा चार असेल तर १९०९ मध्ये चार मिळवून एक वजा करायचा, १९१२. १२९३ असेल तर दुसरा अब्दुल हमीद, १८७६ पासून.

आता ती जाडजूड बाई. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा, आणि नाण्याचं नाव थेलर. ती १७८० मध्ये वारली. पण अरबस्तान, येमेन, इथिओपिया या भागांतल्या व्यापाऱ्यांना तिच्याच तोंडवळ्याची चांदी हवी असायची, दुसरा चेहरा ते घेत नसत. म्हणून पुढची दीडशे-दोनशे वर्षं हेच नाणं १७८० साल तसंच ठेवून पाडत राहिले: व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये, बर्मिंगहॅममध्ये. इथिओपियाच्या मोहिमेला पैसा लागला तेव्हा १९४०-४१ मध्ये ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं. तेव्हा तुमचं परदेशी नाणं फोर्टात जन्मलेलं निघू शकतं. कुठल्या टांकसाळीचं हे बाईच्या खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती आणि मागच्या गरुडाच्या शेपटीची पिसं मोजून ठरवतात. ते काम तज्ज्ञाचं.

तुम्ही एवढं बघा. वजन २८.०७ ग्रॅम, व्यास ४० मिलिमीटरच्या आसपास, बाईच्या खाली एस आणि एफ ही अक्षरं, आणि कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं, मध्ये नक्षी. ‘न्याय आणि दया’ असा त्या शब्दांचा अर्थ. कड गुळगुळीत असेल, किंवा कडेभोवती साच्याची बारीक शिवण दिसत असेल, तर ते ओतीव, नकली. वजन जमलं तरी शंका उरलीच तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या वजनाला भागा. खऱ्या थेलरला आकडा २.७५ च्या जवळ येतो आणि भागाकार १०.२ च्या. पांढऱ्या गिलटाचं म्हणजे तांबं-निकेलचं असेल तर भागाकार नऊच्याही आत राहतो. बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो, म्हणून नाणं पाण्यात हलकेच एकदा हलवून घ्या.

चांदी त्यात ८३.३ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी २३.४ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या भावानं गुणलं की तळाची किंमत मिळते. साधं, नंतर पाडलेलं थेलर या किमतीच्या फार वर जात नाही. दहा लाख तर सोडाच.

त्या जाहिरातींची कार्यपद्धती एकच असते. आधी मोठा आकडा, मग नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं म्हणून एक शिक्का मारलेलं पत्र. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुठलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. नाणं विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. पुतण्याला एवढंच सांगा.

गिनी मात्र खरी असेल तर डब्यातली सर्वांत महाग वस्तू तीच. ब्रिटिश सॉव्हरिन: ७.९९ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर, २२ कॅरेट, शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. एका बाजूला राजा किंवा राणी, दुसरीकडे घोडेस्वार आणि पायाखाली ड्रॅगन. वजनात कडीचं वजन मिसळलेलं आहे हे धरून चला, म्हणजे आठच्या थोडं वर भरायला हवं. साडेसात भरलं तर खोट आहे. पंचम जॉर्जची असेल आणि साल १९१८ असेल तर सालाच्या वरच्या जमिनीच्या रेघेवर मध्यभागी भिंगानं बघा. तिथे इंग्रजी आय असेल तर ती मुंबईची. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानात गिनी त्या एकाच सालात पडली. कडी कापायला जाऊ नका. टाका लावला तेव्हाच संग्राहकांच्या लेखी तिची किंमत उतरली, आता कापून ती परत येणार नाही, उलट कडेवर नवी जखम होईल.

सराफांकडे न्यायची तर कसोटीच्या दगडावर कस लावू देऊ नका, कानसही नाही. जळगावच्या बाजारात कॅरेट तपासायची यंत्रं आहेत, त्यावर ओरखडा न पडता कळतं. डोळ्यांसमोर करून घ्या आणि पावती घ्या. सगळी एकत्र मोडीत द्यायची नाहीत. मोडीत सराफ धातू तोलतो, आणि डब्यातल्या तांब्या-निकेलच्या नाण्यांना तिथे काहीच किंमत नाही. संग्राहकाकडे त्यांना थोडी का होईना, आहे.

ओघात आलं म्हणून: ज्यांच्या घरी जुन्या पुतळ्यांची माळ आहे त्यांनीही एकदा भिंग लावून बघावं. व्हेनिसचं डुकाट हे साडेतीन ग्रॅमचं, जवळपास शुद्ध सोन्याचं नाणं, त्यावरच्या उभ्या आकृत्यांमुळे आपल्याकडे पुतळी म्हणून ओळखलं जाई. इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही पुष्कळ केल्या. नकलेतली अक्षरं वाचायला गेलं तर नुसत्या रेघा निघतात.

कायद्याच्या दोन गोष्टी. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा परदेशातलं गिऱ्हाईक कुरियरनं पाठवा म्हणालं तर नको. आणि डबा ट्रंकेत निघाला म्हणून ठीक. तोच जुन्या वाड्याच्या भिंतीत किंवा जमिनीखाली निघाला असता तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं. तुमचं जुनं घर पाडायचं चाललं असेल तर हे लक्षात असू द्या.

ठेवण्यासाठी साधे कागदी लिफाफे घ्या, एकात एकच नाणं. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत. पीव्हीसी आपल्या उन्हाळ्यात घाम गाळतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा येतो. रबर बँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला काळं करतात. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. फिकट हिरवी भुकटी आलेलं नाणं बाकीच्यांपासून लांब.

वही पूर्ण झाली की न्यूमिस्टा या संकेतस्थळावर देश, साल, वजन, व्यास टाकून शोधा. नुसता फोटो मोबाइलला दाखवून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. दिसायला सारखी आणि वजनाला वेगळी नाणी तो हमखास गल्लत करून सांगतो. फोटो काढायचा तो सकाळी खिडकीजवळ, फ्लॅशशिवाय, राखाडी कागदावर. हे सगळं घेऊन धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात विचारा, किंवा नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे तिथे.

आता पुरचुंड्यांकडे परत येऊ. इराक, पॅलेस्टाइन, इटली ही नाणी एकाच फडक्यात असतील तर ती आबांची वाट आहे. आठवी भारतीय डिव्हिजन १९४१ मध्ये इराकमध्ये होती आणि १९४३ मध्ये इटलीत उतरली. तिच्यात मराठा पलटणही होती. आबांचं डिस्चार्जचं पुस्तक ट्रंकेत सापडलं तर त्यातलं युनिटचं नाव आणि नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते नसेल तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. तुर्की नाणं मात्र या रांगेत बसत नाही. आबा इराकमध्ये पोहोचले तेव्हा सुलतान जाऊन जवळपास वीस वर्षं झाली होती. बसऱ्याच्या बाजारात हौसेनं घेतलं असेल, हे शक्य आहे. पण ते दुसऱ्या फडक्यातून निघालं असेल, आणि त्याच फडक्यात १९१८ च्या आधीचीच नाणी असतील, तर ती पुरचुंडी आबांची नसून त्यांच्या आधीच्या पिढीतल्या कुणाची असू शकते. पहिल्या महायुद्धातही मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या होत्या. सासूबाईंना विचारा, आबांचे वडील किंवा चुलते कधी समुद्रापलीकडे गेले होते का. आणि जिलेबीचं नाणं कुठल्या फडक्यात होतं ते, छोट्या आकड्यासकट, आम्हाला कळवा.